रजेच्या अर्जाविषयी

गावभाग, सांगली
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी ओटीवर बसून तू पदार्थविज्ञानाचे जर्नल चाळत असता त्यातून गोळ्यांचे पाकीट खाली घसरले, आणि ते तू ज्या लगबगीने उचलून पुन्हा पानांत दडवलेस, ती लगबग माझ्या डोळ्यांपुढून अद्याप हललेली नाही. क्षयाचे निदान झाले म्हणून मी भ्यालो नाही. परंतु तो रोग कोणास न कळू देता परीक्षेच्या वेळापत्रकात बसवून टाकण्याचा जो अट्टाहास तू मांडला आहेस, त्याने मी अस्वस्थ झालो आहे.

“मामा, वर्ष वाया जाईल,” असे तू म्हणालास. वर्ष वाया कसे जाते, हे मी स्वानुभवाने जाणतो. बी. ए.च्या वर्षी कावीळ झाली असता घरी न सांगता मी अंगात ताप घेऊन पेपर लिहिले. त्यात परीक्षा तर गेलीच, शिवाय पुढचे सहा महिने अंथरुणावर गेले. वेळीच एक अर्ज लिहिला असता, तर यांतले बरेचसे टळले असते.

तुझे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत काढले, तिच्या १८८४ सालच्या संस्थापकांत टिळक आणि आगरकर हे दोघेही होते, हे तुला ठाऊक आहे. टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. म्हणून पहिले वर्ष त्यांनी तालीम, पोहणे आणि सकस आहार यांस वाहिले आणि त्यापायी परीक्षेतील अपयशही पत्करले. मंडालेचा १९०८ ते १९१४ पर्यंतचा कारावास ज्या देहाने सोसला, त्याचा पाया त्या ‘वाया गेलेल्या’ वर्षात घातला गेला, असे मला वाटते. त्यांचेच समवयस्क आगरकर आयुष्यभर दम्याशी झुंजत लिहीत राहिले आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता, गेले. त्यांस दारिद्र्याने विसाव्याची सवड दिली नाही. तुला ती मिळत असता तू ती नाकारावीस, हे मला पटत नाही.

विश्रामबागेहून मिरजेकडे जाताना लागणाऱ्या वानलेसवाडीच्या क्षय-आरोग्यधामात एके काळी रुग्ण उघड्या हवेत महिनोन्‌महिने नुसते पडून राहत, कारण विश्रांतीवाचून दुसरे औषधच नव्हते. आज साध्या क्षयास सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात. मात्र दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून त्या मध्येच सोडल्या, तर जंतू औषधास दाद देईनासे होतात आणि मग उपचार अधिक लांबतो, अधिक कठीण होतो. रात्रीची जागरणे, मेसमधले अवेळचे जेवण आणि विसरलेली मात्रा यांच्या संगतीत हा क्रम नीट पार पडणे दुरापास्त आहे.

म्हणून प्राचार्यांच्या नावे रीतसर अर्ज लिही. आजाराचे कारण, रजेचा कालावधी आणि पुन्हा रुजू होण्याचा इरादा स्पष्ट लिहून डॉक्टरांचा दाखला जोड. दफ्तरात अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. हजेरी, भरलेली फी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची जागा यांचे काय होईल, हे तोंडी न विचारता लेखी विचार. तू मिळवलेली क्रेडिट्स ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात, तेव्हा केलेला अभ्यास बुडाला असे समजू नकोस. पुढे कोणी शैक्षणिक खंडाचे प्रतिज्ञापत्र मागितले, तर त्यात आजाराचा उल्लेख निःसंकोच कर. खंड पडणे हा गुन्हा नव्हे.

तुझ्या आईशी मी बोललो आहे. तिला दुःख झाले ते रोगाचे नव्हे, तू तो लपवलास याचे. ती अंथरूण घालून वाट पाहत आहे.

सोमवारी दफ्तर उघडताच मी तुझ्याबरोबर येईन. तोवर एवढेच कर: ते पाकीट जर्नलातून काढून पाण्याच्या तांब्याशेजारी, सर्वांस दिसेल अशा फळीवर ठेव.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा