संगणकात वाट कोण पाहतो?

पंगतीसाठी पोळ्या होत असताना पाहिल्या आहेत का? चार जणी भराभर लाटत असतात, पण तवा एकच. थोड्याच वेळात लाटलेल्या पोळ्या कागदावर पसरून राहतात आणि चौघी हात थांबवून तव्याकडे पाहू लागतात. आता पाचवी लाटणारी आणून काय उपयोग? हवा असतो दुसरा तवा. संगणकाचे सुटे भाग निवडतानाही हाच प्रश्न विचारावा : इथे कोण कोणासाठी थांबणार आहे?

गेल्या वर्षी अकरावीतला एक विद्यार्थी भागांची यादी घेऊन माझ्याकडे आला. वडिलांनी तीन वर्षे साठवलेल्या पैशांतून घरात एकच संगणक येणार होता. त्याला खेळ खेळायचे होते, बहिणीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पावसाच्या नोंदी तपासायच्या होत्या. यादीत बारा कोअरचा महागडा प्रोसेसर होता आणि रॅम मात्र ८ जीबी, तीही एकच पट्टी. ही यादी आपण मिळून तपासू.

आधी बहिणीचे काम. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाच्या नोंदी पाव अंशाच्या जाळ्यावर मांडलेल्या मिळतात. जाळे १३५ × १२९, म्हणजे १७,४१५ बिंदूंचे. (समुद्रातल्या बिंदूंवर मोजमाप नसते, पण फाइलीत त्यांचीही जागा राखलेली असते.) १९०१ ते २०२० या काळात दिवस भरतात ४३,८३०. गुणाकार करून पाहा : सुमारे ७६ कोटी ३३ लाख संख्या. गणित करताना दर संख्येला ८ बाइट धरले तर ६.१ जीबी झाले. प्रत्येक नोंदीतून त्या ठिकाणची सरासरी वजा करायची म्हटली की उत्तरांना तेवढीच जागा पुन्हा लागते. म्हणजे बारा जीबी, आणि अजून संगणकाच्या स्वतःच्या कामाला जागा दिलेलीच नाही!

८ जीबीत हे मावणार नाही. मग संगणक न मावलेला भाग एसएसडीवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. ५६०० वेगाची डीडीआर५ रॅम सेकंदाला ५६० कोटी वेळा ८ बाइट देऊ शकते, म्हणजे ४४.८ जीबी. चांगली एनव्हीएमई एसएसडी सलग वाचताना ५ ते ७ जीबी देते, आणि तुकड्या-तुकड्यांनी मागितले तर त्याहून पुष्कळच कमी. एवढा वेळ तो महागडा प्रोसेसर नुसता बसून राहील. म्हणून आम्ही रॅम ३२ जीबी केली, पण १६-१६ च्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या मदरबोर्डाच्या योग्य खाचांत बसवल्या की दोन वाटांनी माल येतो आणि ४४.८ चे ८९.६ होतात.

पैसे कुठून आणले? प्रोसेसरातून. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. कणीक एकालाच मळावी लागते, लाटणे मात्र वाटून घेता येते. समजा, कामाचा पाचवा भाग असा वाटता न येणारा आहे. सहा कोअर लावले तर लागणारा वेळ ०.२ + ०.८/६, म्हणजे एक तृतीयांश, वेग तिप्पट. बारा कोअर लावले तर वेग सहापट व्हावा असे वाटेल, पण होतो पावणेचारपट. कोअर कितीही वाढवा, पाचपटीच्या पुढे जाता येत नाही. सहा कोअरचा रायझन ५ ७६०० पुरेसा होता. (त्याच्या मदरबोर्डावर डीडीआर५ च बसते, जुनी डीडीआर४ पट्टी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका.)

आता भावाचे खेळ. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे हवीत, तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एका ठिपक्याचे गणित शेजारच्या ठिपक्यावर फारसे अवलंबून नसते, म्हणून ते हजारो लहान गणकांना वाटून देता येते. यादीतल्या आरटीएक्स ४०६० कार्डावर असे ३,०७२ गणक आहेत आणि स्वतःची ८ जीबी मेमरी. आधीच्या पिढीचे १२ जीबीवाले ३०६० खेळात मागे पडते, पण कार्डावरच मोठे गणित करायचे असेल तर मी तेच घेईन. बहिणीचे गणित प्रोसेसरवर चालणार होते, म्हणून ४०६० राहू दिले. ४के पडद्याचा हट्ट मात्र सोडायला लावला. तिथे ठिपके चौपट होतात, आणि मग सगळे जण कार्डासाठी थांबतात.

राहिली वीज. कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर (खोक्यावर ६५ लिहिलेले असले तरी) ८८ पर्यंत, बाकीचे पन्नासेक धरा : सुमारे २५० वॅट. यातली बहुतेक वीज १२ व्होल्टवर लागते, म्हणजे वीसेक अँपिअर. कार्ड क्षणभर याहून जास्त ओढते, म्हणून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस घेतला. मी स्वतः एकदा इथे पैसे वाचवले होते. साधी कामे छान चालत, जड गणित सुरू झाले की यंत्र फट्कन बंद! आठ दिवस मी प्रोग्रामातली चूक शोधत होतो.

हे २५० वॅट शेवटी उष्णताच होतात. तेवढ्या उष्णतेने २५ अंशांचे एक लिटर पाणी एकवीस मिनिटांत उकळायला लागेल. (करून पाहा : ४१८६ × ७५ भागिले २५०.) कॅबिनेटचा पंखा ती उष्णता फक्त खोलीत आणून सोडतो; खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. मे महिन्यात खिडकी बंद ठेवून खेळायला बसलात तर पंख्याचा आवाज वाढत जाईल आणि वेग घटत जाईल.

शाळेत संगणक असेल तर जड काम सुरू करून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांचे आकडे एकाखाली एक दिसतील. मेमरी काठोकाठ भरलेली, डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर दहावर, असे दिसले तर तवा कोणता ते सांगा.