जुन्या स्विफ्टनंतर दमदार छोटी एसयूव्ही कोणती?

प्रश्न : माझी डिझेल स्विफ्ट बारा वर्षे विनातक्रार चालली. सातारा-सांगली येणे-जाणे नेहमीचे. आता दमदार छोटी एसयूव्ही हवी. कोणती घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला डिझेलच्या ओढीची सवय आहे, म्हणून आधी टॉर्क पाहा. तुमच्या १.३ लिटर इंजिनाचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर. नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलचा १७०, व्हेन्यू एन लाइनचा १७२. एक्सयूव्ही ३एक्सओचे टीजीडीआय पेट्रोल मात्र २३० देते, तेही १५०० आरपीएमपासून. पेठ नाका ते सांगली रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना हा फरक लगेच जाणवेल.

मायलेज डिझेलइतके मिळणार नाही, हे धरून चाला. डिझेलच हवे असेल, तर बीएस-६ इंजिनातला काजळीचा फिल्टर साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. तुमच्या महामार्गाच्या प्रवासात ते जमेल. गावातल्या गावात फिरणाऱ्यांनी पेट्रोलच घ्यावे.

नेक्सॉन आणि ३एक्सओ या दोघींना भारत एनकॅपचे पाच तारे आहेत. माझी पसंती ३एक्सओ टीजीडीआयला. तरीही घरच्यांना बसवून यवतेश्वर घाटात टेस्ट ड्राइव्ह घेतल्याशिवाय बुकिंग करू नका.