पार्सलच्या थाळीत उरतं किती?

व्हिडिओत पार्सलचा हिशेब घाईत झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो.

मार्च 2020 मध्ये हॉटेलांची टेबलं बंद झाली, ती महाराष्ट्रात 5 ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने उघडली. मधल्या काळात आधार होता तो पार्सलचा. समजा, तुमची थाळी 120 रुपयांची. किराणा-गॅस 55. टेबलावर 65 उरतात, त्यातून भाडं आणि पगार. ॲपचं कमिशन 25 टक्के धरलं तर 30 गेले, डबे-पिशवीचे 12. हातात 23! ऑर्डरी धडाधड आणि गल्ला रिकामा, असं कित्येकांचं झालं.

मग काही खाणावळींनी सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप धरले. सकाळी मेनू टाकायचा, अकरापर्यंत ऑर्डर घ्यायची, वेटरनेच स्कूटरवरून पंधरा डबे एका फेरीत गेटवर पोचवायचे. फेरीचा खर्च 60 धरा, म्हणजे डब्यामागे 4. उरले 49. शिवाय आकडा आधीच कळल्याने भाजी वाया जात नाही, ते यात धरलेलंच नाही. (ॲप सोडा असं मी म्हणत नाही हं, नवं गिऱ्हाईक तिथूनही येतं.)

मेनूही छाटावा लागला. डोसा वाटेतच मऊ पडतो, तो गेला. मिसळ टिकली, पण रस्सा, फरसाण, पाव वेगवेगळे बांधून.

तुमच्या एका पदार्थाचा असा हिशेब कमेंटमध्ये टाका. दर वाढवायचा की डबा बदलायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू.