राखणीचा कुत्रा : निवड, शिक्षण व निगा

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते. शेपटापुरती ती खरी असेल, परंतु कुत्र्याच्या स्वभावाला ती लागू पडत नाही. एकाच आईची दोन पिले दोन घरी वाढली, तर त्यांतील एक शहाणे व विश्वासू निघते, आणि दुसरे भित्रे, चावरे किंवा निरुपयोगी होते, असे नेहमी दिसून येते. यात जन्माचा भाग असतो, पण संगोपनाचाही वाटा मोठा असतो. कुत्रा घडवावा लागतो आणि तो पुष्कळसा पहिल्या तीन-चार महिन्यांतच घडतो.

मळ्यातील वस्ती, गोठा, खळे, कांद्याची चाळ, विहिरीवरील विजेचा पंप आणि त्याची केबल या सर्वांना राखण लागते. धनगर बांधवांचे तर कुत्र्यावाचून चालतच नाही. रात्रीच्या वेळी लांडग्याची किंवा तरसाची चाहूल मेंढवाड्यास प्रथम कुत्राच देतो. खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्राही दाखविलेला असतो, यावरून या प्राण्याचे स्थान ध्यानात येईल. परंतु ज्या वस्तीवर कुत्रा आहे, पण त्याला वळण नाही व लस टोचलेली नाही, त्या वस्तीवर राखणदाराऐवजी धोकाच पाळलेला असतो. म्हणून कुत्रा पाळण्यापूर्वी पुढील गोष्टी शेतकऱ्याने समजून घेणे इष्ट होय.

जात कोणती निवडावी

सामान्य शेतकऱ्यास गावठी कुत्रा सर्वांत सोयीचा. त्याला येथील ऊनपाऊस मानवतो, खाणे बेताचे लागते, कान तिखट असतात आणि अनोळखी माणसाची चाहूल तो लवकर घेतो. त्याच्याकडे होणारे दुर्लक्ष हा त्याच्या जातीचा दोष नव्हे.

दक्षिण महाराष्ट्र व मराठवाड्यात कारवान नावाने ओळखली जाणारी, आणि कर्नाटकातील मुधोळ गावावरून मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्धी पावलेली जात उंच, सडपातळ व अतिशय वेगवान आहे. तिच्यातील केसाळ प्रकारास पश्मी म्हणतात. भारतीय डाक विभागाने २००५ साली ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडचा समावेश होता. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर धावतो. त्याला रोज मोकळेपणी पळण्यास जागा हवी. साखळीला बांधून ठेवल्यास तो चिडका किंवा भित्रा बनतो. पूर्वी या जातीचा उपयोग सशाच्या शिकारीसाठी होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे, म्हणून त्या हेतूने हा कुत्रा पाळू नये.

अल्सेशियन या नावाने परिचित असलेला जर्मन शेफर्ड शिकण्यात अत्यंत हुशार आहे. मात्र त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असल्याने कडक उन्हाळा त्याला सोसत नाही. त्याचे खाणे महाग पडते आणि कमरेच्या सांध्याचा विकार या जातीत पुष्कळ आढळतो. ज्याला सावली, पाणी आणि रोजचा वेळ देणे शक्य आहे, त्यानेच तो घ्यावा. केवळ ऐटीखातर परदेशी जात आणणे म्हणजे कुत्र्याचे हाल आणि मालकाचा खर्च होय.

पिलाची पारख

पिलू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आईच्या व भावंडांच्या संगतीतच ते चावा किती जोराने घ्यावा याची मर्यादा शिकते. लवकर तोडलेली पिले पुढे खेळतानाही जोराने चावतात. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे, केस तुकतुकीत आणि पोट फुगलेले नसलेले असे पिलू निवडावे. पोटाचा नगारा व बारीक पाय हे बहुधा जंतांचे लक्षण असते.

स्वभाव पाहण्याची एक सोपी रीत आहे. पिलापासून थोड्या अंतरावर एखादे भांडे जमिनीवर टाकावे. दचकून थबकणारे, पण थोड्या वेळाने पुढे येऊन भांडे हुंगणारे पिलू राखणीस योग्य समजावे. कोपऱ्यात दडून बसणारे आणि बाहेर न येणारे पिलू पुढे भीतीपोटी चावण्याचा संभव अधिक असतो.

पहिले तीन-चार महिने

अमेरिकेतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या आयुष्यात फार महत्त्वाचा असतो, असे त्यांना आढळले. या काळात ज्या माणसांचा व प्राण्यांचा सहवास पिलाला घडतो, त्यांना ते आपले मानते. जे या काळात दिसलेच नाही, त्याची भीती पुढे राहते.

म्हणून या आठवड्यांत पिलाला घरातील लहान मुले, म्हातारी माणसे, पागोटेवाला, डोक्यावर भारा घेतलेली बाई, बैल, शेळी, कोंबडी, ट्रॅक्टरचा आवाज या सर्वांची शांतपणे ओळख करून द्यावी. मेंढवाड्यासाठी कुत्रा हवा असेल, तर आठव्या आठवड्यापासूनच त्याला कोकरांच्या शेजारी ठेवावे. अशा कुत्र्याला कळप म्हणजे आपलेच कुटुंब वाटू लागते. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत पिलाला मोकाट कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

शिकवणी

धडा पाच मिनिटांचाच असावा, पण दिवसातून दोन-तीन वेळा नेमाने द्यावा. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे चार शब्द राखणीच्या कुत्र्यास पुरेसे होतात. घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. एकाने ‘ये’ म्हणावयाचे, दुसऱ्याने ‘यू यू’ करावयाचे आणि तिसऱ्याने शीळ घालावयाची, असे झाल्यास पिलू गोंधळते.

‘बस’ शिकविताना भाकरीचा लहान तुकडा पिलाच्या नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होताच मागील भाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा व पाठीवरून हात फिरवावा. बक्षीस कृतीबरोबर लगेच मिळाले पाहिजे. उशिरा दिलेल्या तुकड्याचा आणि बसण्याचा संबंध कुत्र्याला लागत नाही.

शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी कोंबडी मारली आणि संध्याकाळी मालकाने काठी उगारली, तर कुत्रा कोंबडीची गोष्ट शिकत नाही. मालक संध्याकाळी मारतो, एवढेच तो शिकतो. हाक मारल्यावर आलेल्या कुत्र्यास तर कधीही मारू नये. पुढच्या वेळी तो येणार नाही, आणि बिबट्या किंवा मोटार समोर असताना हाकेला न येणारा कुत्रा प्राणास मुकतो.

मुलांनी गंमत म्हणून वाटसरूवर कुत्र्याला ‘छू’ करणे ही अत्यंत घातक खोड आहे. राखणीच्या कुत्र्याचे काम भुंकून सूचना देण्याचे आहे. तो भुंकला की मालकाने बाहेर यावे, पाहुणा ओळखीचा असल्यास ‘थांब’ म्हणावे आणि कुत्रा गप्प होताच त्याला शाबासकी द्यावी. चोवीस तास आखूड साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही, तो चावरा होतो. दिवसा काही तास त्याला कुंपणाच्या आत मोकळे सोडावे.

कुत्र्याची भाषा

भुंकणारा कुत्रा चावत नाही या समजुतीवर विसंबू नये. भुंकणारेही चावतात आणि न भुंकता चावणारेही असतात. ताठ झालेले अंग, उभे राहिलेले पाठीवरील केस, रोखलेली नजर आणि वर ओढलेला ओठ ही इशाऱ्याची चिन्हे होत. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, असेही नव्हे. शेपूट उंच व ताठ ठेवून थोडेसे हलविणारा कुत्रा सावधपणे उभा असतो. मान वळविणे, वारंवार जीभ ओठांवरून फिरविणे, अंग चोरणे ही भीतीची लक्षणे आहेत, आणि कोंडीत सापडलेला भित्रा कुत्रा हटकून चावतो.

खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिले घेऊन बसलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये, हे घरातील मुलांस आवर्जून शिकवावे. अनोळखी कुत्रा अंगावर आल्यास पळू नये. हात अंगाशी घेऊन, नजरेला नजर न देता स्थिर उभे राहावे.

आहार, निवारा व जंत

पिलास तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खावयास द्यावे. भाकरी किंवा भाताबरोबर फोडणी न दिलेले वरण, ताक, अंडे अथवा शिजविलेले मांस द्यावे. केवळ कोरड्या भाकरीवर वाढलेला कुत्रा अशक्त राहतो. कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका कुत्र्यास विषारी आहेत, हे कांदा व द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी विशेषतः लक्षात ठेवावे. शिजविलेल्या कोंबडीची हाडे तुटून टोकदार होतात व आतड्यास इजा करतात. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष व फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

ज्या भागात बिबट्यांचा वावर आहे, तेथे रात्री कुत्रा उघड्यावर बांधू नये. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात पाळीव व मोकाट कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. मजबूत जाळीची व वरून झाकलेली खोपी करावी. आतूनही कुत्रा भुंकून सूचना देतोच.

पिलास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी व तीन महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. मेंढपाळांनी आणखी एक काळजी घ्यावी. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे पाण्याच्या फोडांनी भरलेले काळीज वा फुप्फुस कुत्र्यास कच्चे घातल्यास त्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर, भाजीवर व पाण्यात जातात, आणि माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात तसेच मोठे फोड होतात. म्हणून असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळून टाकावेत.

पिसाळण्याचा रोग

रेबीज, म्हणजेच पिसाळण्याचा रोग, ही कुत्रा पाळणाऱ्याची सर्वांत मोठी जबाबदारी आहे. माणसास होणाऱ्या या रोगाच्या शंभरापैकी सुमारे ९९ घटनांत तो कुत्र्यापासून आलेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले, तर हा रोग टळतो. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८८५ साली चावलेल्या एका मुलास लस टोचून प्रथम हे दाखवून दिले.

कुत्र्यास तीन महिन्यांचा असताना रेबीजची पहिली लस द्यावी, पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे व त्यानंतर दर वर्षी द्यावी. लस टोचल्याची तारीख लिहून ठेवावी. गावातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. म्हणून हे काम एकट्या घराचे नसून ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने करावयाचे आहे.

कुत्रा चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर मिरचीपूड, चुना, हळद किंवा तेल लावू नये, ती घट्ट बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. दंडातील लसीच्या मात्रा साधारणपणे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७, १४ व २८ व्या दिवशी देतात. जखम खोल असल्यास तेथे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. जखम भरून आली म्हणून मात्रा अर्ध्यावर सोडू नयेत. रोगाची लक्षणे कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही प्रकट होतात.

गाईम्हशीसही हा रोग होतो. जनावर लाळ गाळते, घोगरे हंबरते आणि त्यास गिळता येत नाही. घशात काही अडकले असावे या समजुतीने शेतकरी उघड्या हाताने तोंड तपासतो, आणि तेथेच संसर्गाचा धोका पत्करतो. अशा जनावरास हात न लावता ते वेगळे बांधावे, पशुवैद्यास बोलवावे आणि त्याचे दूध वापरू नये. जनावरास कुत्रा चावल्याचे दिसताच त्यासही लगेच लस टोचून घ्यावी.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

पिलू ८ आठवड्यांनी आणावे. तीन-चार महिन्यांपर्यंत त्याला माणसांची व जनावरांची ओळख करून द्यावी. चार शब्द शिकवावेत, शाबासकी लगेच द्यावी आणि मार टाळावा. पिलावळ नको असल्यास नर व मादी दोहोंचे निर्बीजीकरण करून घ्यावे. नको असलेली पिले गावाबाहेर सोडून देणाऱ्यांमुळेच मोकाट कुत्री वाढतात. लसीचा दिवस पेरणीच्या दिवसाइतकाच नेमाने पाळावा. एवढे केले, तर भाकरीच्या तुकड्यावर राहणारा हा सोबती अनेक वर्षे वस्ती राखील, आणि त्याच्या सावलीत खेळणारी मुलेही सुरक्षित राहतील.