चैतात काहून नाही सांगितलंस?

माघ पौर्णिमा जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनवर पाय ठेवायला जागा उरत नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इथून गोंड समाजाची माणसं उतरतात आणि धनेगावच्या वाटेने कचारगडच्या गुहेकडे चालू लागतात. यात्रेत आमच्या बचत गटाचाही ठेला असतो. मोहाचे लाडू, चारोळी, मध, चिंच असा माल. अशाच एका यात्रेत संध्याकाळी हिशेब करताना मी ठरवलं की आपल्या भागातल्या धंद्यावर, आपल्या बोलीत पॉडकास्ट सुरू करायचा. जंगलातून काय येतं, कुणाला विकलं जातं, भाव कुठे पडतो आणि कुठे वाढतो, हे सगळं त्यात सांगायचं.

त्यानंतर तीन यात्रा भरल्या आणि उठल्या. पॉडकास्ट सुरू झाला नव्हता. त्या तीन वर्षांबद्दल लिहिते आहे, कारण ती वाया कशी गेली हे मला आता नीट कळलं आहे. तुमच्याही मनात असं काही अडकून पडलं असेल, तर माझी चूक तुमच्या कामी यावी.

पहिल्या वर्षी मी वही केली. विषय लिहिले, नावं सुचवून पाहिली, आवडेना म्हणून खोडली. दुसऱ्या वर्षी माइकची चौकशी केली. कुठला स्वस्त, कुठला चांगला, याचे व्हिडिओ रात्री जागून पाहिले. 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' हे मराठी पॉडकास्ट ऐकले, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आपल्याला अजून बरंच शिकायचं आहे. तिसऱ्या वर्षी एका मुलाकडून चित्र काढून घेतलं, मोहाचं झाड आणि खाली टोपली. वही भरत आली. मी रोज काहीतरी करत होते, म्हणून ही चालढकल आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी त्याला तयारी म्हणत होते.

त्या तिसऱ्या वर्षीचा चैत्र मला आजही बोचतो. शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बायका पहाटे अंधारात उठून मोह वेचायच्या. मोह पहाटे गळतो, ऊन चढायच्या आत उचलावा लागतो, आणि हंगाम काही आठवड्यांचाच. त्यात आभाळ भरून आलं. पाऊस आला तर सगळं सडेल या भीतीने त्यांनी ओलसर मोहच कोचियाला, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊन टाकला. काही पैसे, काही मीठ-तेल-कांदे, असा व्यवहार झाला.

माझ्या वहीच्या चौदाव्या पानावर नेमका यावरचाच उपाय लिहिलेला होता. झाडाखालचा पाचोळा न जाळता जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं. मुठीत दाबून चिकटलं नाही म्हणजे वाळलं. वाळलेला मोह कोरड्या जागी पोत्यात राहतो आणि पावसाळ्यात त्याचा भाव चढतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मानला आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले, पण घरात मोह ठेवला तर कुणी धरेल ही जुनी धास्ती गेलेली नाही. हे मी लोकांना विचारून, स्वतः विकून, हिशेब मांडून लिहिलं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं, कारण माइक यायचा होता.

श्रावणात त्याच टोल्यावरची एक काकी माझ्या दुकानात आली. घरात पूजा होती, तिला दोन पायल्या मोह हवा होता. चैत्रात तिने ज्या भावाने विकला, त्याच्या दुपटीहून जास्त भावाने ती तो विकत घेत होती. मी मापून दिला आणि राहवलं नाही म्हणून वहीतलं सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुले मालूम होतं, तं चैतात काहून नाही सांगितलंस वो बाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर मला वाटायचं की चालढकलीने नुकसान झालं तर ते माझं एकटीचं. त्या दिवशी कळलं की बोलणाऱ्याने उशीर केला की किंमत ऐकणाराही मोजतो. भाताच्या रोवणीला जसा हंगाम, तेंदूपत्त्याला जसा हंगाम, तसा सांगण्यालाही असतो. चैतात कामाची गोष्ट श्रावणात नुसती हळहळ होऊन राहते.

मग मी स्वतःला विचारलं की नेमकी कशाची भीती वाटत होती. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक गोष्ट मांडली. चालढकल ही वेळेच्या नियोजनातली चूक नसते, मनाला नकोशा वाटणाऱ्या भावनेपासून सुटका करून घेण्याची ती धडपड असते. काम पुढे ढकललं की लगेच बरं वाटतं, म्हणून आपण पुन्हा ढकलतो. माझं तसंच झालं होतं. फोन हातात घेऊन बोलायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. माइकचा व्हिडिओ लावला की तो जायचा.

त्या गोळ्यात तीन भीती होत्या. पहिली स्वतःच्या आवाजाची. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकला की वाटायचं, ही मी नाहीच, इतका चिरका आवाज कोण ऐकेल? याचं कारण साधं आहे. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो तसा कवटीच्या हाडांमधूनही येतो, आणि हाडांतून येणारा भाग खर्जाचा, भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ वाटतो. बाकीचं जग मात्र आपल्याला आयुष्यभर त्याच आवाजात ऐकत आलेलं असतं. हे समजल्यावर मी रोज रात्री दोन मिनिटं स्वतःचं बोलणं ऐकायची सवय केली. आठवडाभरात तो आवाज ओळखीचा झाला.

दुसरी भीती बोलीची. शिकायला बाहेर होते तेव्हा वर्गात उभी राहून बोलले आणि माझ्या हेलावर सगळे हसले होते. ती गोष्ट अंगात मुरलेली. आमच्या बोलण्यात झाडीबोली, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी सगळं मिसळतं. पण थोडं आजूबाजूला पाहिलं असतं तर उत्तर दारातच होतं. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा-देसाईगंजहून कंपन्या निघतात, गावोगावी मांडव पडतात आणि थंडीत कुडकुडत माणसं रात्रभर तिकीट काढून नाटक पाहतात. त्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, तिची चळवळ उभी केली. जी बोली एवढा मोठा धंदा तोलून धरते, तिच्यात धंद्याची गोष्ट सांगायला मी का लाजावं?

तिसरी भीती होती 'आपण कोण सांगणार?' ही. मी मोठी उद्योजक नाही, मोठ्या संस्थेत शिकलेली नाही. या भीतीला मला सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधून उत्तर मिळालं. तिथे शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, बटण दाबून आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, असं गोंडी, छत्तीसगढी, हिंदीतून माणसं सांगू लागली. त्यांना कुणी अधिकारपत्र दिलेलं नव्हतं. आपल्या गावचं त्यांना ठाऊक होतं, तोच त्यांचा अधिकार. मोह किती दिवसांत वाळतो हे मला ठाऊक आहे. माझा अधिकार तेवढा, आणि त्या विषयापुरता तो पुरेसा आहे.

काकी आली त्याच रात्री मी धानाची पोती ठेवतो त्या खोलीत गेले. दार लावलं, पायली उलटी ठेवून तिच्यावर फोन टेकवला आणि काकीला सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. चार मिनिटं झाली. मध्येच मालगाडी गेली, तिची शिटी त्यात आली. पुन्हा करावं असं मनात आलं, पण पुन्हा म्हणजे उद्या आणि उद्या म्हणजे पुढची यात्रा, हे आता मला माहीत होतं. तशीच फाइल गटातल्या अकरा जणींना पाठवली. नाव ठरलेलं नव्हतं, माइक आलेला नव्हता. सकाळी सात जणींनी ऐकलेलं होतं आणि एकीने विचारलं होतं, चारोळीचं कधी सांगतेस?

चूकही लवकरच झाली. तिसऱ्या भागात मी मोहाचा भाव सांगितला, पण तो वाळलेल्या मालाचा आहे हे सांगायचं राहिलं. दोघी जणी अर्धवट वाळलेला माल घेऊन आल्या आणि हिरमुसल्या. मी त्यांची माफी मागितली आणि चौथ्या भागाचं पहिलं वाक्य त्या दुरुस्तीचं ठेवलं. ज्या चुकीच्या भीतीने मी तीन वर्षं गप्प होते, ती चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली. त्यानंतर बायका भाव विचारायला जास्त येऊ लागल्या.

आता जे सुरू करू पाहत आहेत त्यांच्यासाठी, माझ्या हाताने करून पाहिलेल्या गोष्टी.

तयारीला तारीख बांधा. तयारी आणि चालढकल ओळखायची माझी खूण अशी: आज केलेल्या कामातून दुसऱ्या कुणाला ऐकता येईल असं काही तयार झालं का? सलग दोन आठवडे उत्तर 'नाही' आलं, तर ती तयारी उरलेली नाही. तारीख हंगामाला बांधली तर उत्तम. मोह गळायच्या आधी मोहाचा भाग, तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे खरेदीचं ठिकाण, लागायच्या आधी तेंदूचा.

एकाच माणसाशी बोला. 'श्रोते हो' म्हटलं की घसा कोरडा पडतो. मी त्या काकीला समोर बसवते. तिला काय ठाऊक आहे, काय नाही, तिला आज काय ठरवायचं आहे, एवढंच मनात ठेवते. वाचून दाखवू नका. पाच मुद्दे कागदावर लिहा आणि सांगा.

आहे त्या साधनाने सुरू करा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. रिकामी खोली घुमते. धानाची पोती, गोधड्या, कपड्यांचं कपाट आवाजाचा घुमारा शोषून घेतात. पंखा बंद करा. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहा, ती शांतता पुढे आवाज साफ करताना कामी येते.

फाइल हलकी ठेवा. आमच्या पहाडात नेटवर्क येतं-जातं. मोनो, ६४ केबीपीएसमध्ये साठवली तर आठ मिनिटांची फाइल चार एमबीच्या आसपास बसते आणि कमी डेटातही उतरते. आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा. दहा भाग झाले की एखाद्या मोफत होस्टिंगवर चढवा, तिथून ते पॉडकास्टच्या अॅपवर जातात. मूळ फाइल मात्र स्वतःजवळ जपा. गूगल पॉडकास्ट्ससारखी मोठी सेवासुद्धा २०२४ मध्ये बंद झाली.

धंद्यावर बोलताना तीन पथ्यं पाळा. भाव सांगितला की तारीख, माप आणि माल ओला की वाळलेला हे त्याच दमात सांगा. तुमचा स्वतःचा त्यात व्यवहार असेल तर आधी ते बोला. मी मोह विकतही घेते, म्हणून दर वेळी ते सांगून मगच भाव सांगते. आणि कुणाचा आवाज घेतलात तर घेण्याआधी विचारा, पाठवण्याआधी त्यांना ऐकवा. कुणाच्या घरची उधारी, कुणाचं उत्पन्न, हे त्यांनी आपणहून सांगितलं तरी गाळा.

ऐकणारे मोजत बसू नका. पहिल्या दहा भागांत एकच मोजा: ठरल्या दिवशी पाठवला का? आमचा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जातो, कारण दुसऱ्या दिवशी बायकांना माल घेऊन जायचं असतं.

शेवटची गोष्ट भीतीबद्दल. ती जाईल मग सुरू करू, असं मी तीन वर्षं म्हटलं. ती गेली नाही. आजही रेकॉर्डचं बटण दाबताना पोटात तो गोळा येतो. फरक एवढाच की पहिल्या मिनिटानंतर तो विरतो हे आता मला माहीत आहे, आणि ते बोलल्याशिवाय कळलं नसतं.

पुढच्या चैत्रात काकीने दोन पोती मोह वाळवून ठेवला. श्रावणात तो विकून ती माझ्या दुकानात आली, तेव्हा मी तिला पोत्यांच्या खोलीत बसवलं, विचारून फोन पुढे केला. आधी ती पदराशी चाळा करत राहिली. मग मोह कसा वाळवला, उंदरांपासून कसा राखला, कोचियाला कसं परत पाठवलं, हे सगळं तिने सांगितलं. नऊ मिनिटं ती बोलली. मी एक शब्दही कापला नाही.

तुमच्या वहीतही एखादं चौदावं पान असेल. आज रात्री ते उघडा, दार लावा आणि ज्याला त्याची गरज आहे अशा एका माणसाला ते सांगून पाठवून द्या.