स्वमग्न मूल : दोष नव्हे, जबाबदारी



मूल दीड वर्षाचे झाले, तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करीत राहते. अंजनगाव सुर्जीसारख्या आपल्या गावांत अशा वेळी पहिली चर्चा कोणती होते? कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, जिन्नाचा असर आहे. कोणी सांगते, आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. कोणी धीर देते की मुलगे उशिराच बोलतात. बाधा उतरवण्यासाठी सैलानीच्या दर्ग्यावर माणसे नेण्याची रीतही वऱ्हाडात जुनीच आहे. या साऱ्यांत मुलाची शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे. तिच्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. आईच्या वागण्याने ती येत नाही. आईला दोष देणारे केवळ आपल्याच गल्लीत होते असेही नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यानंतर अमेरिकेतील काही विद्वानही आईच्या थंडपणाकडे बोट दाखवीत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी ते मत खोडून काढले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते.

आता धर्माची शिकवण पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोहोंचा संबंध जोडू लागले. प्रेषितांनी (स.) पुत्रशोकातही स्पष्ट केले की, ग्रहण कोणाच्या जन्मामुळे वा मृत्यूमुळे लागत नाही. मग ग्रहणाचा ठपका एका आईवर आपण कसा ठेवावा? कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तर कुरआन वारंवार बजावतो.

नजर लागण्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे, त्यासाठी दुआही आहे. दुआ अवश्य करा. परंतु ज्या प्रेषितांनी (स.) दुआ शिकवली, त्यांनीच उपचार करण्याचाही आदेश दिला. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) सांगतात की, बुद्धीने अधू असलेल्या एका स्त्रीने प्रेषितांना (स.) आपले काम असल्याचे सांगितले. तू म्हणशील त्या गल्लीत येतो, असे उत्तर देऊन ते तिच्यासोबत गेले आणि तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबले. तिला त्यांनी हाकलले नाही, लपवले नाही. बहिणीचे स्थळ मोडेल या भीतीने मुलाला पाहुण्यांपासून आतल्या खोलीत ठेवणाऱ्या घरांनी ही घटना आठवावी.

तेव्हा शंका येताच अंगणवाडीत वा आरोग्य केंद्रात सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या वाढीची तपासणी होते. पुढे जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही, परंतु लवकर सुरू केलेल्या प्रशिक्षणाने बोलणे, खेळणे, स्वतःची कामे करणे यांत मोठी सुधारणा होऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण हा त्या मुलाचा हक्क आहे.

मूल ही अल्लाहची अमानत आहे. हिशेबाच्या दिवशी ते कसे जन्मले हे आपणास विचारले जाणार नाही. आपण त्याला कसे सांभाळले, हे मात्र विचारले जाईल. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.