आर. एक्स. १०० चा सायलेन्सर कापू नका!

होस्टेलच्या पार्किंगमध्ये सध्या एक वाद जोरात आहे. थर्ड इयरच्या एका मित्राने जुनी यामाहा आर. एक्स. १०० घेतली आणि आता 'आवाज पाहिजे' म्हणून तो तिचा सायलेन्सर कापायला निघालाय. (नाव छापत नाही, त्याला कळेलच!) त्याच्यासाठी आणि त्याला भरीला घालणाऱ्यांसाठी हा लेख.

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने ही गाडी १९८५ मध्ये भारतात आणली आणि १९९६ मध्ये ती बंद झाली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडलेल्या होत्या, म्हणून त्यांना आज जास्त मान. त्याच काळात बजाजची कावासाकी के. बी. १०० होती, इंड-सुझुकी होती. त्याआधी १९८३ ची राजदूत ३५०, म्हणजे मूळची यामाहा आर. डी. ३५०. ती तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकारली आणि आज तिच्यासाठी शौकीन गावोगाव फिरतात!

आता थोडं गणित. आर. एक्स.चा बोअर ५० मि.मी., स्ट्रोकही ५० मि.मी. स्वतः काढून बघा, ९८ सी.सी. येतात. पॉवर ११ बी.एच.पी., ७५०० आर.पी.एम.ला. तेवढ्याच सी.सी.ची त्या वेळची फोर-स्ट्रोक हीरो होंडा सात-साडेसातच्या आसपास. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक, हे आपण घोकलंय. मग पॉवर दुप्पट का नाही? कारण एक्झॉस्ट पोर्ट उघडं असतानाच ट्रान्सफर पोर्टातून नवं मिश्रण आत येतं आणि त्यातलं काही न जळताच बाहेर पळतं. ॲव्हरेजची बोंब आणि प्रदूषणाच्या नियमांपुढे या गाड्यांनी टाकलेली मान, दोन्हींचं मूळ इथेच.

या पळपुट्या मिश्रणाला परत कोण आणतं? सायलेन्सर! पोर्ट उघडताच दाबाची लाट पाइपातून निघते. आत पाइप रुंद होत जातो, तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते आणि सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढते. पुढे पाइप पुन्हा अरुंद होतो, तिथून जास्त दाबाची लाट परतते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ७५०० आर.पी.एम.ला एक फेरा म्हणजे फक्त ८ मिलिसेकंद. त्यातल्या एका तुकड्यात हे सगळं बसवायचं. ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट. टायमिंग साधतं ते पाइपच्या लांबीने आणि आतल्या कोनांनी. तो कोन कापला की आवाज फाटतो, गाडी खालून ओढत नाही आणि पेट्रोलही जास्त जातं. आवाज दबलाय असं वाटत असेल तर आतली जाळी काढा, शेगडीवर तापवून कार्बन झाडा आणि परत बसवा. खर्च शून्य.

शौकीन लोक गाडी बघायला आले की पेंटकडे नंतर बघतात. आधी इंजिन नंबर '१एल१' ने सुरू होतो का, तो आर.सी.बुकाशी जुळतो का, मग सायलेन्सर, कार्ब्युरेटर, मडगार्ड ओरिजिनल आहे का. मग विचारतात, "बोअर कितवा?" पिस्टन पाव मि.मी.च्या ओव्हरसाइझने येतो. चार वेळा बोअर मारला की ५१ मि.मी., म्हणजे गाडी १०२ सी.सी.ची झाली! कायदाही मूळ स्वरूपच मागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि फारसा फेरबदल न केलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. आर. एक्स.ला तो मान २०३५ च्या आधी नाही. तोपर्यंत पंधरा वर्षांनंतरचं रिन्युअल आणि आर.टी.ओ.च्या चकरा आहेतच.

आता आमच्या चिखल्याचं सांगतो. तुमसर-तिरोडी लाइनवर गोबरवाही स्टेशन लागतं, त्याच्याजवळचं हे मँगनीजच्या खाणीचं गाव. माझे काका अजून आर. एक्स.वरच खाणीत ड्युटीला जातात. तिथली काळी धूळ एअर फिल्टरमधून जाते आणि सिलिंडर घासते, त्यामुळे त्यांचा चौथा बोअर झालाय. यापुढे नवीन सिलिंडरच. मागच्या दिवाळीत नागपूरहून एक जण गाडी बघायला आला. बोअर ऐकून त्याचं तोंड उतरलं, पण सायलेन्सर बघून पुन्हा खुललं. एकदाही वेल्डिंग नाही! आकडाही चांगला सांगितला. माझ्या दोन सेमिस्टरची मेस निघाली असती. मी आशेने काकांकडे पाहिलं.

काका म्हणाले, "गाडी इकली त मंग ड्युटीवर काय पायानं जाऊ?"

त्याने मग नुसता सायलेन्सर मागितला. काकांनी तोही दिला नाही.